दोन दिवसांच्या शिबिरात भाईजान आणि बाजी तयार होत नाहीत

अस्सलामु अलैकुम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या वडाळा गावाजवळच्या मशिदीत तुम्ही मे महिन्यात मुलामुलींसाठी दीनी (धार्मिक) समर कोर्स चालवता. दहा ते सोळा वयाची मुलं येतात. कुरआन पाठ असलेले, शिकवणारे हाफिजसाहेब एकटे पडतात, म्हणून मोहल्ल्यातली कॉलेजची मुलं-मुली मदतीला घेतलीत, म्हणजे वर्गातले भाईजान आणि बाजी. गेल्या वर्षी पहिल्या आठवड्यानंतर निम्मे स्वयंसेवक येईनासे झाले. उरलेल्यांपैकी एकाने एका मुलाच्या पाठीत धपाटा घातला आणि मुलाची आई मशिदीच्या दारात येऊन भांडली. यंदा कोर्सच्या आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवायचं आहे. त्यात काय शिकवावं आणि कोणतं पुस्तक द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं सुट्टीत जुन्या नाशकातल्या दीनी वर्गांच्या स्वयंसेवकांची तयारी करून घेते. त्या अनुभवावरून सांगते की दोन दिवस जरूर ठेवा, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. स्वयंसेवक तयार होतो तो कोर्स चालू असताना, रोज वर्ग सुटल्यावर जो मशवरा, म्हणजे एकत्र बसून विचारविनिमय, होतो त्यात. वेळ कमी असेल तर प्रशिक्षणाचा एक दिवस कापा, मशवरा कापू नका. तो कसा घ्यायचा हे पुढे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी तोच होत नाही.

आधी मूळ अडचण कुठे आहे ते पाहू. तुमच्या लिहिण्यात सूर असा आहे की स्वयंसेवकांचं दीनी ज्ञान कमी पडतं. मला तसं वाटत नाही. ज्याने धपाटा घातला त्याला नमाजचे फर्ज आणि वाजिब (बंधनकारक भाग) बहुतेक तोंडपाठ असतील. दहा पोरं एकदम कालवा करायला लागली की काय करायचं, हे मात्र त्याला कुणी दाखवलं नव्हतं. 'वर्ग सांभाळ' एवढंच सांगून एकोणीस वर्षांच्या मुलाला उभं केलं की त्याने लहानपणी पाहिलेल्या सगळ्यात कडक उस्तादांची तो नक्कल करतो. त्याच्यापुढे दुसरा नमुनाच नसतो.

म्हणून पहिल्याच दिवशी कामाची वाटणी तोंडी आणि लेखी सांगा. कुरआनचं वाचन, तजवीद (शुद्ध उच्चाराचे नियम), मसले (धर्मनियमांचे प्रश्न) हे काम हाफिजसाहेबांचं, मुलींच्या बाजूला आलिमा, म्हणजे दीनी शिक्षण घेतलेल्या, बाजींचं. स्वयंसेवकाचं काम मोठ्या भावाचं किंवा बहिणीचं. आपल्या गटातल्या प्रत्येक मुलाचं नाव, शाळा, घरी कोण कोण आहे, तो कुठे अडतो हे त्याला माहीत हवं. दिलेला सबक (धडा) घोटून घ्यायचा, वुजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणं) आणि नमाज मुलांसोबत स्वतः करायची, आणि आपल्याला न येणारा प्रश्न वर पोचवायचा. एवढंच. आपण छोटे मौलाना नाही, हे कळलं की या मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. निम्मी रागराग तिथेच संपते, कारण बहुतेकदा राग 'मला उत्तर येत नाही' या भीतीपोटीच येतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्याकडे वीस-पंचवीसच मुलं असतील तर एवढा पसारा नको, तीन-चार जाणती मुलं पुरेत. कोर्स दहा दिवसांचा असेल तर नवे स्वयंसेवक घेऊच नका, जुन्यांवर भागवा. नव्या माणसाला रुळायलाच आठवडा जातो. मी पुढे जे सांगते ते साधारण चार आठवड्यांचा कोर्स, साठ-सत्तर मुलं आणि मुलींसाठी वेगळी जागा असं धरून.

वेळापत्रक ठरवण्याआधी स्वयंसेवकांच्या परीक्षा विचारा. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांच्या परीक्षा मेमध्येही चालू असतात, वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते, सीईटी त्याच्याच आगेमागे. गेल्या वर्षी गळालेल्यांपैकी कितीजणांचे पेपर होते हे एकदा तपासून बघा. शिवाय हिजरी तारखा इंग्रजी वर्षात दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. २०१९ आणि २०२० मध्ये मे महिन्याचा मोठा भाग रमजानमध्ये गेला होता, आता बकरी ईद उन्हाळी सुट्टीत येते. कुर्बानीच्या आधी-नंतरचे चार-पाच दिवस मुलगे हाताला लागत नाहीत, ते सुट्टीचेच धरा. वर्ग सकाळी आठ ते साडेदहा-अकरा ठेवा. मेच्या दुपारी आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, त्या उन्हात लहान मुलांना घरी पाठवू नये. आणि अभ्यासक्रमाचे तुकडे आठवड्याआठवड्याने पूर्ण होतील असे पाडा. अर्धी मुलं मध्येच मालेगावला, मनमाडला, धुळ्याला लग्नाला जाणार हे नक्की. ती परत आली की नव्या आठवड्यात सहज बसली पाहिजेत.

निवडीबद्दल थोडं. मुलाखत घेऊन काही कळत नाही, सगळे 'खिदमत करायची आहे' असंच सांगतात, आणि मनापासून सांगतात. मी इच्छुकाला दोन लहान मुलांसोबत पंधरा मिनिटं चटईवर बसवते आणि एवढंच सांगते, 'यांच्याकडून सूरह फील ऐकून घे.' (कुरआनचा छोटा अध्याय, पाच आयती म्हणजे वचनं.) आणि लांबून बघते. एका खेपेला एक मुलगा आला, आवाज गोड, तजवीद सुरेख. बसल्या बसल्या म्हणाला, 'चलो, सुनाओ.' पोरगा दोन आयतींवर अडला, याने त्या पुन्हा सांगितल्या, पोरगा पुन्हा अडला. वेळ संपली. त्याच्यानंतर आलेल्या मुलीने आधी समोरच्या मुलीच्या हाताला प्लास्टर दिसलं म्हणून विचारलं, काय झालं. ती सायकलवरून कशी पडली ते सांगत बसली. सात-आठ मिनिटं त्यातच गेली. मग बाजी म्हणाली, 'आता मी एक आयत म्हणते, पुढची तू म्हण.' पाचही आयती झाल्या, वर त्या मुलीने आपणहून सूरह कुरैशही ऐकवली. मी दोघांनाही घेतलं, पण त्या मुलाला पहिले दोन आठवडे एका जुन्या भाईजानच्या हाताखाली दिलं आणि त्याच्याकडून रोज शेवटी सगळ्यांसाठी तिलावत (कुरआनपठण) करून घेतली. प्रत्येक गुणाला जागा असते, फक्त गट एकट्याच्या हाती देताना आधी दुसरा गुण बघायचा.

गटाची जबाबदारी अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांनाच द्या. सोळा-सतरा वर्षांची मुलं मदतनीस म्हणून चालतात, पण ती स्वतःच अजून मुलं आहेत. दहा-बारा मुलांमागे दोघं जण ठेवा, एक बोलेल आणि दुसरा बघेल. दुसरा काय करतो, असं ट्रस्टी मंडळी विचारतात. मागच्या रांगेत कोण झोपलंय, कोण रडवेला झालाय, कोण शेजाऱ्याला चिमटे काढतोय हे बोलणाऱ्याला दिसत नाही. ते दुसऱ्याला दिसतं.

आता ते दोन दिवस. माझ्याकडे ते दीडच दिवसाचे असतात आणि त्यात व्याख्यान जेमतेम तासभर. त्या तासात मी प्रेषितांचे एक साथी मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांचा किस्सा घेते, सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचन-प्रसंगांच्या, संग्रहात आहे. ते इस्लाममध्ये नवे होते. जमातीत नमाज चालू असताना कुणाला शिंक आली आणि यांनी मोठ्याने 'यर्हमुकल्लाह' (अल्लाह तुझ्यावर दया करो) म्हटलं. लोक डोळे वटारून बघू लागले, मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प करू लागले. नमाज संपल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना समजावलं की नमाजमध्ये लोकांशी बोलणं चालत नाही, त्यात तस्बीह, तकबीर (अल्लाहचं स्तवन) आणि कुरआनचं पठण असतं. मुआविया (रजि.) सांगतात की त्यांच्याइतका चांगला शिकवणारा मी ना आधी पाहिला ना नंतर, ते मला रागावले नाहीत, मारलं नाही, वाईटसाईट बोलले नाहीत.

हा किस्सा सांगून सोडायचा नाही, तो करून बघायचा. एकाने चुकणारा मुलगा व्हायचं, चौघांनी डोळे वटारणारे व्हायचं, एकाने नंतर समजावणारा व्हायचं. इथे एक काळजी घ्या: प्रेषितांची (स.) भूमिका कुणीही करायची नाही, प्रसंग आपल्या वर्गातला करायचा. म्हणजे नमाजमध्ये एक मुलगा हसला आणि भाईजानने नंतर त्याच्याशी बोलायचं. मग सगळ्यांना विचारते, चूक काय ते किती वाक्यांत सांगितलं? त्या पोराला पुढच्या वेळी काय करायचं ते कळलं का? बहुतेकांची पहिली खेप पाच मिनिटांच्या भाषणाची असते. तिसऱ्या खेपेला ती दोन वाक्यांवर येते.

मग मी चिठ्ठ्या काढते. प्रत्येक चिठ्ठीवर वर्गात खरोखर घडणारा एक प्रसंग असतो. वुजूच्या नळावर दोन भावांची मारामारी. चौदा वर्षांचा मुलगा मांडीखाली मोबाइल घेऊन बसलाय. दारात एक आई उभी आहे आणि म्हणतेय, 'दुसऱ्या वर्गातली पोरं आम्मा पारा संपवत आली, माझा अजून कायद्यावरच?' (आम्मा पारा म्हणजे कुरआनचा शेवटचा भाग, कायदा म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक.) आणि एक चिठ्ठी मी मुद्दाम शेवटी ठेवते: एक मुलगा म्हणतो, 'अब्बा तर नमाज पढत नाहीत, मग मीच का?' यावर बहुतेक तरुण पटकन म्हणतात, 'त्यांना गुनाह लागेल.' आता हा मुलगा घरी जाऊन काय करेल, याचा विचार करा. जेवताना बापाला सांगेल की भाईजान म्हणाले तुम्ही गुनहगार आहात. बाप दिवसभर हमाली करून किंवा रिक्षा चालवून आलेला. दुसऱ्या दिवसापासून मुलगा बंद. आम्ही जे उत्तर घोटून घेतो ते एवढंच: 'अब्बांचं अब्बा आणि अल्लाह बघतील. आज नमाजला तू माझ्या बाजूला उभा राहा.' आणि नमाजला त्याच्या बाजूला खरंच उभं राहायचं.

मारण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तुमचा प्रसंग तोच आहे आणि प्रशिक्षणात कुणी ना कुणी हदीस पुढे करतोच: सात वर्षांच्या मुलांना नमाजला सांगा, दहाव्या वर्षी पढत नसतील तर मारा. मी त्याला बोलू देते आणि मग दोन गोष्टी विचारते. ही हदीस 'तुमच्या मुलांना' म्हणते, म्हणजे आईबापाला उद्देशून आहे. तुला त्या मुलाचा बाप कुणी केलं? आणि सात ते दहा ही तीन वर्षं, दिवसाला पाच नमाज. म्हणजे पाच हजारांहून अधिक वेळा प्रेमाने सांगून झाल्यावरची ती गोष्ट आहे. तू या मुलाला किती वेळा सांगितलंस? शिवाय प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत (कथन) आहे की प्रेषितांनी (स.) लढाईचा प्रसंग सोडला तर आपल्या हाताने कधी कुणाला मारलं नाही, ना बाईला ना नोकराला. त्या हदीसचा मसला आलिम मंडळी नीट सांगतील, पण वर्गाचा नियम त्यांनी स्वतःच्या तोंडून सांगावा असा आग्रह धरा: स्वयंसेवकाचा हात कुणाच्याही अंगावर उठणार नाही, कान पिरगाळणं नाही, कोंबडा करणं नाही, आईबापावरून बोलणं नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. आपला वर्ग म्हणजे शाळा नव्हे, अशी पळवाट काढू नका. मशिदीत आलेल्या मुलाला शाळेपेक्षा कमी सुरक्षित वाटावं, हे आपल्याला परवडणार नाही.

याच ओघात सुरक्षिततेचे नियम. यांवर चर्चा ठेवत नाही, वाचून दाखवते आणि सही घेते. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसणार नाही, दार उघडं किंवा दुसरा माणूस हजर. मुलाला एकट्याला गाडीवर घरी सोडायचं नाही. स्वयंसेवकाने मुलाशी खाजगी चॅटिंग करायचं नाही, निरोप पालकांच्या ग्रुपवर. मुलींचे फोटो कुणीही काढायचे नाहीत, मुलग्यांचे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत. प्रवेश अर्जावर दमा, फिट, औषध आणि न्यायला कोण येणार हे लिहून घ्यायचं. आणि एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं, मग तो घरचा असो, शेजारचा असो की आपल्यातलाच कुणी असो, तर 'बदनामी होईल' म्हणून मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला अशी गोष्ट कळते त्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. स्वयंसेवकाने मुलाची उलटतपासणी घ्यायची नाही. शांतपणे ऐकायचं, 'तू सांगितलंस ते बरं केलंस' म्हणायचं, आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला सांगायचं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा.

प्रश्नांचं काय करायचं? मोठी मुलं प्रश्न विचारणारच, आणि विचारावेत. डायनोसॉर आधी की आदम (अलै.)? वर्गातला माझा जिगरी दोस्त हिंदू आहे, तो जन्नतमध्ये जाणार की नाही? रील बघणं हराम आहे का? स्वयंसेवकाला मी एकच वाक्य शिकवते: 'मला नक्की माहीत नाही, हाफिजसाहेबांना विचारून उद्या सांगतो.' यातला 'उद्या' महत्त्वाचा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नाही तर मुलं पुन्हा विचारत नाहीत, ती मग मोबाइलवर शोधतात आणि तिथे काय सापडेल त्यावर कुणाचा ताबा नाही. दोस्ताबद्दलचा प्रश्न आला की मी आणखी एक सांगते. कुणाचा निवाडा करणं आपल्या हातात नाही, तो अल्लाहचा. तुझं काम त्या दोस्ताशी चांगलं वागणं, त्याच्या घरी गेलास की त्याच्या आईला सलामत-खैरियत विचारणं. आपली मुलं जूनमध्ये पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसणार आहेत. समर कोर्समुळे त्यांची दोस्ती तुटली, असं माझ्या वर्गात मी होऊ देणार नाही.

मसलकाचा, म्हणजे पंथपद्धतीचा, मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण नाशकात तो येतोच. जुन्या नाशकातल्या वर्गात कोकणी घरातली शाफई मुलं असतात, बाकी बहुतेक हनफी. एकदा असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर एक तरुण भाईजान एका मुलाला सगळ्यांसमोर दरडावत होता, 'रुकूला (वाकायला) जाताना हात का उचललेस? नीट शिक.' पोरगा गोंधळून इकडे तिकडे बघत होता, कारण घरी आजोबांनी तसंच शिकवलं होतं आणि शाफई पद्धतीने ते अगदी बरोबर होतं. वुजूचंही तसंच. हनफी मसलकात फर्ज चार, शाफईत सहा. कुणी सहा सांगितले तर तो चुकला नाही. दर्ग्यावर जाणं, फातेहा, आमीन मोठ्याने की मनात, यावर तर घराघरांत मतं वेगळी. माझा नियम आहे की नमाज-वुजू आणि या विषयांवर स्वयंसेवक मुलाला दुरुस्त करणार नाही. 'घरी जसं शिकवलंय तसं कर,' एवढंच म्हणेल, आणि खरोखर चूक वाटली तर हाफिजसाहेबांना दाखवेल. प्रशिक्षणात दोन्ही पद्धतींची नमाज एकेकदा सगळ्यांना दाखवा. निम्म्या तरुणांनी दुसरी पद्धत कधी जवळून पाहिलेलीच नसते.

मुलींच्या गटाबद्दल एक गोष्ट, जी पुरुष आयोजकांच्या लक्षात येत नाही. अकरा-बारा वर्षांपासून पुढच्या मुली महिन्यातले काही दिवस नमाज पढणार नाहीत, कुरआनच्या तासालाही मागे बसतील. 'तू का उठली नाहीस?' हा प्रश्न बाजीने विचारायचाच नाही, कुणासमोरही नाही. आम्ही त्या वेळेसाठी एक कोपरा ठरवतो, तिथे दुआ, गोष्टी, चित्रं असं काही काम असतं, आणि तिथे कधीमधी दुसऱ्या मुलीही बसतात, म्हणजे कुणी एक वेगळी दिसत नाही. ज्यांना नुकतीच सुरुवात झाली आहे त्यांचे प्रश्न वयाने मोठ्या आलिमा बाजींनी घ्यावेत, कॉलेजच्या मुलीवर ते टाकू नका. वयात येणाऱ्या मुलग्यांचंही तसंच, त्यांच्यासाठी एखादे जाणते हाफिजसाहेब वेगळा अर्धा तास काढतील तर फार बरं.

पुस्तकाचं विचारलंत. मुलांसाठी हाफिजसाहेब ज्याला हो म्हणतील ते कुठलंही एक घ्या, दोन नकोत. मराठी आणि इंग्रजी शाळांतल्या मुलांना उर्दू वाचता येत नाही, त्यांच्यासाठी दुआ देवनागरीत लिहून देता ते ठीक, पण अरबीतले सीन, साद आणि सा देवनागरीत एकाच 'स'वर येतात. तेव्हा लिहिलेलं नुसतं आठवणीपुरतं, उच्चार कानाने. स्वयंसेवकांना मात्र पुस्तक देऊ नका, शंभर पानी वही द्या. पहिल्या पानावर गटातल्या मुलांची नावं, पुढे प्रत्येकाला दोन पानं. ती वही मशवऱ्याची.

आता मशवरा. वर्ग सुटला, मुलं गेली, चटया गुंडाळून झाल्या की सगळे गोल बसतात. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. मौलाना किंवा तुमच्यासारखा एक जबाबदार माणूस बसेल, पण बोलेल कमी. प्रत्येक जोडीने तीनच गोष्टी सांगायच्या: आज कोण एकदाही बोललं नाही, कोण आलं नाही आणि का, आणि कुठल्या प्रश्नावर मी अडलो. 'वर्ग चांगला झाला' हे वाक्य चालत नाही, नाव घेऊन सांगायचं. पहिल्या दिवशी बहुतेकांना गप्प राहिलेल्या मुलाचं नावच आठवत नाही, 'तो निळ्या शर्टवाला' म्हणतात. तिथेच त्यांना कळतं की आपण बघत नव्हतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते वर्गात बघायला लागतात, कारण नंतर सांगायचंय हे माहीत असतं. हे मी कितीही व्याख्यानं दिली तरी झालं नसतं.

एक उदाहरण देते. एका जोडीने लागोपाठ तीन दिवस सांगितलं की बारा वर्षांचा एक मुलगा सबक ऐकवत नाही, उलटं बोलतो, काढून टाका. मी विचारलं, अक्षरांचा कायदा हातात धरतो तेव्हा काय करतो? दुसऱ्या दिवशी बघणारा भाईजान जरा जवळ बसला आणि मशवऱ्यात म्हणाला, 'तो बघतच नाही, शेजारचा म्हणतो ते ऐकून म्हणतो. शेजारचा आला नाही की भांडतो.' मुलाला अक्षरं नीट दिसत नव्हती. घरी कळवलं, चष्मा लागला. दुसरा भाईजान, ज्याने 'काढून टाका' म्हटलं होतं, तोच नंतर त्याला रोज दहा मिनिटं आधी बोलावून शिकवायचा. त्या दोघांना कुणी बालमानसशास्त्र शिकवलं नव्हतं. रोज नाव घेऊन सांगायला लावलं, एवढंच.

मशवऱ्यात कुणाची चूक काढायची तर नियम कडक ठेवा. आधी त्याने स्वतः सांगायचं, मग दुसऱ्याने, आणि शेवटी उद्या काय वेगळं करणार ते एका वाक्यात. तुमच्या धपाट्याचा प्रसंग असता तर मी त्या मुलाला काढलं नसतं, पण त्याच दिवशी त्याला मुलाच्या घरी हाफिजसाहेबांसोबत माफी मागायला पाठवलं असतं आणि आठवडाभर गट दुसऱ्याकडे दिला असता. पुन्हा हात उठला तर मात्र घरी. आणि कंटाळ्याकडे लक्ष द्या. प्रेषितांचे साथी इब्ने मसऊद (रजि.) सांगतात की आम्ही कंटाळू नये म्हणून प्रेषित (स.) नसीहतीसाठी (उपदेशासाठी) दिवस बघून निवडत. रोज अडीच तास कोंबून शिकवायचा हट्ट असेल तर मुलंही पळतील आणि स्वयंसेवकही. गुरुवारी आम्ही निम्मा वेळ खेळाला देतो.

गळतीबद्दल शेवटचं. परीक्षा वगळल्या तर तरुण दोन कारणांनी जातात. एक, त्यांना फक्त चटया टाकायला, पाणी भरायला आणि आवाज बंद करायला ठेवलं जातं. दोन, मुलांसमोर एखादे ट्रस्टी त्यांना झापतात. ज्या भाईजानला चाचांनी मुलांदेखत झापलं त्याचं दुसऱ्या दिवशी कुणी ऐकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो येत नाही. म्हणून कोर्सआधी ट्रस्टी मंडळींसोबत एक बैठक घ्या आणि एवढं एकच कबूल करून घ्या: काही बोलायचं तर मशवऱ्यात, मुलांसमोर नाही. शिवाय लांबून येणाऱ्यांच्या पेट्रोलचे पैसे द्या, सकाळचा नाश्ता सगळ्यांना एकत्र, आणि शेवटी नाव घालून लेखी प्रमाणपत्र. खिदमत अल्लाहसाठी असली तरी रिक्षाचे पैसे घरूनच मागावे लागतात.

कोर्स संपला की वह्या परत घ्या. घरगुती गोष्टी लिहिलेली पानं फाडून नष्ट करा, अभ्यासाची ठेवा, पुढच्या वर्षी त्या मुलाच्या नव्या भाईजानला ती लागतील. ज्यांचा मशवरा चांगला होता अशा दोघा-चौघांना आत्ताच सांगून ठेवा की पुढच्या वर्षी नव्या मुलांचं प्रशिक्षण तुम्ही घ्यायचं आहे.

तुमच्याकडे मुली किती, मुलगे किती आणि आलिमा बाजी आहेत का, एवढं कळवा. गट कसे पाडायचे आणि चिठ्ठ्यांवर कुठले प्रसंग घ्यायचे ते त्याप्रमाणे लिहून पाठवते.